हेलसिंकीहून परतलेली माणसे

एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावून जावे, अथवा आपल्या वजनगटात जगातल्या पहिल्या तिघांत आपली गणना व्हावी, असा ध्यास घेऊन जो मनुष्य तारुण्यातील उत्तमोत्तम वर्षे खर्ची घालतो, त्याच्या त्या ध्यासाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. कारण त्या परिश्रमांतून ना कोणाच्या शेताला पाणी मिळते, ना कोणाच्या घरची चूल पेटते, आणि हा सारा निव्वळ खासगी व्यवहार आहे, असाच पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु क्रीडेचा इतिहास जरा निरखून पाहिला, तर अगदी खासगी म्हणून आरंभिलेल्या अशा प्रयत्नांनीच अनेकदा दुसऱ्यांच्या आयुष्याला वळण लावलेले आढळते. ते वळण कसे लागते, कोणाला लागते आणि कोठे लागता लागता राहून जाते, याची मीमांसा मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही. तरुणांनी प्रेरणा घ्यावी, असे सत्काराच्या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते तरी कोणत्या वाटेने, हे जाणून घेणे मला अधिक अगत्याचे वाटते.

या मीमांसेसाठी 1952 च्या जुलै महिन्यात फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली, ती याच स्पर्धांत. पण आपल्याला जी माणसे पाहावयाची आहेत ती त्याच्या तेजापुढे तेव्हा फिकी दिसणारी होती. रॉजर बॅनिस्टर नावाचा इंग्रज वैद्यकविद्यार्थी 1500 मीटरच्या शर्यतीत चौथा आला, आणि पदकाविना परतला. त्याचा मित्र ख्रिस चॅटअवे पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत अखेरच्या वळणावर पडला, आणि उठून धावत पाचवा आला. ख्रिस ब्रेशर हा तिसरा इंग्रज अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, पदकाच्या आसपासही पोहोचला नाही. त्याच शर्यतीत जॉन डिस्ली या वेल्समधील धावपटूला कांस्य मिळाले. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी तर प्राथमिक फेरीतच बाद झाला. आणि कुस्तीच्या गादीवर, मुक्त पद्धतीच्या बँटमवेट गटात, सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा खाशाबा दादासाहेब जाधव हा सव्वीस वर्षांचा मल्ल 23 जुलै रोजी कांस्यपदकाचा मानकरी ठरला.

पदक घेऊन परतलेल्यांचे कौतुक झाले आणि रिकाम्या हाताने परतलेल्यांवर त्यांच्या देशातील वृत्तपत्रांनी टीका केली, हे रीतीला धरूनच झाले. पुढील तीस वर्षांत काय घडले, ते पाहू लागलो म्हणजे मात्र हिशेब निराळाच दिसतो.

बॅनिस्टरने हेलसिंकीत पदक मिळवून निवृत्त होण्याचा बेत केला होता. पराभवामुळे तो बेत मोडला, आणि आणखी दोन वर्षे धावून चार मिनिटांच्या आत मैल पुरा करण्याचा निश्चय त्याने केला. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील अभ्यास सांभाळून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जो काही वेळ मिळे तेवढ्यात तो सराव करी. 1953 च्या अखेरीपासून त्याच्या जोडीला ब्रेशर व चॅटअवे आले. पाव मैलाची धाव, मग दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा पाव मैल, अशा दहा धावा हे तिघे एका बैठकीत करीत. प्रत्येक पाव मैल 60 सेकंदांत पडावा, हे लक्ष्य होते. हिवाळ्यात 66 सेकंदांपासून सुरुवात झाली आणि एप्रिलपर्यंत वेळ 61 सेकंदांवर येऊन तेथेच अडून बसली. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रेशर सराव बाजूला ठेवून स्कॉटलंडच्या कड्यांवर चढाईला निघून गेले, आणि परत आल्यावर तेच पाव मैल 59 सेकंदांत धावले. व्यायामशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही, कारण थकलेल्या शरीराला विसावा मिळाला की साचलेल्या सरावाचे फळ वर येते. पण तिघांनी मिळून एकाच सेकंदाशी झुंजावे, यातले मर्म शरीरापुरते नाही.

6 मे 1954 रोजी सकाळी बॅनिस्टर रुग्णालयात गेला, तेथील प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्याने आपल्या बुटांचे खिळे घासून धारदार केले, आणि मार्गावरची राख त्यांना चिकटू नये म्हणून त्यांवर ग्रॅफाइट चोळले; त्या काळी धावण्याचे मार्ग कोळशाच्या राखेचे असत, आणि बुटाला चिकटलेली राख म्हणजे पायातले ओझेच. दुपारी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर वारा इतका होता की प्रयत्न करावा की नाही, हे ठरत नव्हते. मैदानाजवळच्या चर्चवरचा ध्वज फडफडत होता. संध्याकाळी तो जरासा लोंबला, तेव्हा बॅनिस्टरने होकार दिला. पहिल्या अडीच फेऱ्यांपर्यंत ब्रेशर पुढे राहून गती राखत होता, त्यानंतर चॅटअवे पुढे आला. तीन फेऱ्या संपल्या तेव्हा घड्याळ तीन मिनिटांच्या किंचित पुढे गेले होते, आणि अखेरच्या फेरीच्या उत्तरार्धात बॅनिस्टर एकटा निघाला. ध्वनिक्षेपकावरून वेळ जाहीर होताना ‘तीन’ हा आकडा उच्चारला गेला आणि पुढचे सारे प्रेक्षकांच्या गजरात बुडून गेले. वेळ होती 3 मिनिटे 59.4 सेकंद.

या प्रसंगाची एक आख्यायिका झाली आहे, आणि व्याख्याते ती मोठ्या आवडीने सांगतात. मनातली भिंत पडली आणि मग जगभरचे धावपटू धडाधड चार मिनिटांच्या आत धावू लागले, असा तिचा आशय. वस्तुस्थिती तपासली तर पुढच्या तेरा महिन्यांत बॅनिस्टरखेरीज अवघे चार धावपटू ही मर्यादा ओलांडू शकले. शिवाय भिंत म्हणून जी सांगितली जाते, तिच्यामागे महायुद्धही होते. स्वीडनच्या गुंडर हॅगने 1945 साली 4 मिनिटे 1.4 सेकंदांचा विक्रम केला; त्याआधीच्या युद्धवर्षांत तटस्थ स्वीडनमध्ये शर्यती चालू होत्या आणि उरलेल्या युरोपातील त्याच वयाची पिढी रणांगणावर होती. मानवी शरीराची सीमा येथेच आहे, असे मानणारे लोक होते हे खरे. पण नऊ वर्षे तो विक्रम टिकला, तो केवळ भीतीमुळे टिकला असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

मग प्रेरणेची कथाच खोटी का? मुळीच नाही, फक्त ती आख्यायिकेत सांगतात त्याहून अरुंद वाटेने गेली. त्या चौघांची नावे पाहा. जॉन लँडीने 21 जून रोजी फिनलंडमधील तुर्कू येथे 3 मिनिटे 58 सेकंदांत मैल पुरा करून विक्रम आपल्या नावे केला, आणि त्या शर्यतीत त्याच्या पाठोपाठ धावून त्याला पुढे रेटणारा होता तो चॅटअवे. याच लँडीने हेलसिंकीत बाद झाल्यावर झाटोपेकच्या सराव-पद्धतीचा धडा घेतला होता. 28 मे 1955 रोजी लंडनमध्ये हंगेरीचा ताबोरी, स्वतः चॅटअवे आणि ब्रायन ह्यूसन हे तिघे एकाच शर्यतीत चार मिनिटांच्या आत आले. म्हणजे ज्याने दुसऱ्याच्या ध्येयासाठी इफ्ली रोडवर आपला दम खर्च केला, तो चॅटअवे बॅनिस्टरच्या, लँडीच्या आणि ताबोरीच्या, अशा तिन्ही शर्यतींत हजर होता. आणि 1954 च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाच्या कुट्झला हरवून पाच हजार मीटरचा जागतिक विक्रमही त्याने केला. ब्रेशरने 1956 साली मेलबर्नमध्ये स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले. प्रथम त्याला अपात्र ठरवण्यात आले होते, परंतु त्याने दाद मागितली आणि पंचांनी निकाल फिरवला. ज्यांनी बॅनिस्टरची बातमी वाचली त्यांच्यापेक्षा ज्यांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून 61 व्या सेकंदाशी झुंज घेतली, त्यांच्यात बदल अधिक खोल झाला.

मानसशास्त्राने या अनुभवाला पुढे सैद्धांतिक बैठक दिली. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली आत्मक्षमतेविषयीचा जो सिद्धांत मांडला, त्याचा सारांश असा की ‘हे मला जमेल’ हा विश्वास मनुष्याच्या ठायी मुख्यतः चार वाटांनी येतो. सर्वांत बळकट वाट म्हणजे स्वतः केलेल्या कृतीचा अनुभव. तिच्या खालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ती गोष्ट साधताना पाहणे. त्यानंतर कोणी दिलेला धीर. आणि चौथी, त्या प्रसंगी आपल्या शरीराची व मनाची जी अवस्था असते ती. यात ‘आपल्यासारख्याच’ हा शब्द कळीचा आहे. वय, परिस्थिती, अडचणी यांत जो आपल्याशी मिळताजुळता, त्याचे यश आपल्याला पुरावा वाटते. जो सर्वस्वी निराळा, त्याचे यश हा चमत्कार वाटतो, आणि चमत्काराला मनुष्य हात जोडतो, त्याचे अनुकरण करीत नाही. एखाद्याला सहज, न चुकता करताना पाहण्यापेक्षा अडखळत, सावरत, पुन्हा प्रयत्न करताना पाहणे शिकाऊ माणसाला अधिक उपकारक ठरते, असेही या क्षेत्रातील अभ्यासकांना आढळले आहे.

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंदा यांनी केलेला आणि 1997 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेच्या अखेरच्या वर्षातील एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची हकीकत वाचावयास दिली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ती वाचून उल्हसित झाले. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर तिचा तसा परिणाम झाला नाही. हकीकत एकच, पण पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती तिथवर पोहोचण्यास अवधी होता, चौथ्या वर्षाच्यांच्या हाती तो उरला नव्हता. जे यश अजून आपल्या आवाक्यात आहे तेच उभारी देते. हातचे निसटलेले यश दुसऱ्याच्या गळ्यात पाहून मन खचण्याचाही संभव असतो. सारे गाव एकाच विजेत्याच्या मिरवणुकीला जमते आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चारच मुले येतात, त्याचे एक कारण येथे सापडते. लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकचे घोषवाक्यच एका पिढीला प्रेरित करा असे होते. तथापि अशा भव्य सोहळ्यांनी सामान्य जनतेचा खेळातील सहभाग टिकाऊपणे वाढतो, याचा पुरावा अभ्यासकांना फारच तोकडा मिळाला आहे.

याच लंडनमध्ये दुसऱ्या एका वाटेने काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. ब्रेशर आणि डिस्ली, म्हणजे हेलसिंकीचे ते दोन स्टीपलचेस धावपटू, पन्नाशीला टेकल्यावर 1979 साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावले. तेथे त्यांनी पाहिले की शर्यतीत विजेते मूठभर आहेत, आणि बाकीचे हजारो लोक कारकून, शिक्षक, गृहिणी, म्हातारे असून रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले अनोळखी नागरिक त्यांना टाळ्या वाजवून पुढे नेत आहेत. परत आल्यावर ब्रेशरने त्यावर वृत्तपत्रात लेख लिहिला, आपल्या शहरात असे होऊ शकेल का, असा प्रश्न विचारला, आणि मग तो प्रश्न तेथेच न सोडता दोघांनी परवानग्या, पोलीस बंदोबस्त, पैसा अशी सारी तजवीज केली. 29 मार्च 1981 रोजी पहिली लंडन मॅरेथॉन पावसात पार पडली, आणि 6,255 जणांनी ती पुरी केली. सर्वांत पुढे असलेले डिक बियर्डस्ली आणि इंगे सिमॉनसन हे दोन धावपटू एकमेकांचे हात धरून अंतिम रेषा ओलांडते झाले. स्त्रियांत पहिली आलेली जॉइस स्मिथ 43 वर्षांची होती, दोन मुलांची आई होती, आणि तिने अडीच तासांच्या आत वेळ देऊन ब्रिटिश विक्रम केला. रस्त्याकडेच्या गर्दीतील एखाद्या चाळिशीच्या बाईला बॅनिस्टरपेक्षा ही जॉइस स्मिथ कितीतरी जवळची वाटली असेल. आज या शर्यतीत दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक लोक धावतात, आणि धावपटूंनी लोककार्यासाठी जमविलेली एकूण रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर गेली आहे. स्वतः बॅनिस्टर 1954 च्या अखेरीस धावणे सोडून मज्जासंस्थेचा तज्ज्ञ वैद्य झाला, आणि पुढे ब्रिटनच्या क्रीडा परिषदेचा अध्यक्ष या नात्याने सर्वसामान्यांसाठी मैदाने व क्रीडागृहे वाढविण्याच्या कामात त्याने लक्ष घातले.

आता खाशाबांकडे वळतो, आणि येथे मला अधिक थांबावेसे वाटते. कारण ही आपल्या घरची गोष्ट आहे, आणि तिच्यात अभिमानाइतकीच हुरहूर आहे. खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. कुस्ती मुलाने घरातच पाहिली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना ज्या नगरीत ते वावरले, तेथे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान होते, पेठापेठांतून तालमी होत्या, आणि हौद्यातली लाल माती तेल, ताक, हळद घालून मळून ठेवणारे वस्ताद होते. पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या मोठ्या पैलवानांच्या शेजारी लहान पोरे आपापले जोर काढीत, आणि कोणाचा ढाक हा डाव कसा बसतो, हे डोळ्यांनी टिपत. बांडुरांनी सिद्धांतात मांडले, ते आपल्या तालमींनी व्यवहारात शतकानुशतके जोपासले होते, असे मी म्हणेन. 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले, आणि मातीवर वाढलेल्या त्या मल्लाने गादीवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढून फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला.

हेलसिंकीच्या प्रवासाचा खर्च उभा राहीना, तेव्हा गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. या गोष्टीचा उल्लेख बहुधा त्यागाची कथा म्हणून होतो, आणि ती तशी आहेच. परंतु प्रेरणेचा प्रवाह येथे कोणत्या दिशेने वाहत होता, हेही ध्यानात घ्यावे. पदक अजून कोसो दूर असताना, केवळ एका तरुणाचा नित्याचा सराव डोळ्यांपुढे पाहून एक विद्वान गृहस्थ आपले घर सावकारापुढे ठेवावयास सिद्ध झाला. विजयाची वाट न पाहता नुसत्या प्रयत्नाने माणूस इतका हलतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक ओसरल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून, त्या पैशातून खर्डेकरांचे ऋण फेडले.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास 44 वर्षे लागली. 1996 साली अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवले. कुस्तीत पुढचे पदक 2008 साली बीजिंगमध्ये सुशील कुमारने आणले, म्हणजे 56 वर्षांनी. खाशाबांपासून कोणी स्फूर्ती घेतली नाही, असा याचा अर्थ करणे अन्यायाचे होईल, कारण 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने या आपल्याच मुलखातील मल्लांनी सुवर्णपदके जिंकली. स्फूर्ती होती, मेहनत होती, खुराकासाठी जमीन विकणारे बाप होते. जे नव्हते ते गादीचे, आणि गादीवरची कुस्ती रोजच्या रोज शिकविणाऱ्या जाणकाराचे सान्निध्य. आपली मैदाने मातीची, इनामे मातीतली, लौकिकही मातीतला. आणि ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवरची. ज्या मनुष्याला दोन्हींचा अनुभव होता, त्या खाशाबांना 1955 साली पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. मेलबर्नची संधी गुडघ्याच्या दुखापतीने हुकली. आणि त्यांच्याभोवती आंतरराष्ट्रीय कुस्तीची एखादी पाठशाळा उभारावी, अशी दरखास्त सरकारदरबारी कोणी तडीस नेली नाही. 1984 साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधराहून अधिक वर्षांनी.

उलट दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये, 1982 च्या आशियाई स्पर्धांचे सुवर्णविजेते सतपाल यांच्या देखरेखीखाली, गादी, शिक्षक आणि ज्येष्ठ मल्ल हे तिन्ही एका छपराखाली आले, आणि सुशील कुमारनंतर योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, रवी दहिया, अमन सेहरावत अशी ऑलिंपिक पदकविजेत्यांची रांग त्या एकाच ठिकाणाहून निघाली. पुढच्या मुलाने मागच्याला केवळ चित्रात पाहिले नाही. त्याच्याच गादीवर घाम गाळताना आणि चितपट होतानाही पाहिले.

महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये आले, ते राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 50 मीटर रायफल नेमबाजीत मिळवलेले. खाशाबांनंतर 72 वर्षांनी. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयात दाखल झालेला हा मुलगा पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि नेमबाज असूनही त्याने आदर्श म्हणून नाव घेतले ते क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीचे, कारण धोनीनेही एके काळी रेल्वेत तिकिटेच तपासली होती. आपल्याच नोकरीतला, आपल्याच परिस्थितीतला मनुष्य तिथवर गेला, ही जाणीव खेळांमधला भेदही पुसून टाकते. मात्र त्या जाणिवेच्या आधी प्रबोधिनीचे दार उघडे होते, रायफल हाती देणारे कोणी होते, हे विसरून चालणार नाही.

15 जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पुष्पहार घातले जावेत, भाषणेही व्हावीत. पण ज्यांच्या हाती शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या मैदानांच्या किल्ल्या आहेत, त्यांना माझी विनंती अशी की त्यांनी ती फाटके पहाटे पाचला उघडावीत; आणि जो कोणी, मग तो पंचविशीचा असो वा पन्नाशीचा, स्वतःपुरते एखादे ध्येय धरून धावत असेल, पोहत असेल, जोर काढीत असेल, त्याने तो सराव चार पोरांच्या नजरेसमोर करावा, आपली चुकलेली वेळ त्यांना सांगावी, आणि त्यांतल्या एखाद्याला उद्यापासून बरोबर घ्यावे.